शेवटच्या चारीपर्यंत

रामराया, आज मागणं आधी सांगते, आभार नंतर मानते. देवळात असते तर रीत पाळली असती. पण मी बसले आहे मरुदानल्लूरमधल्या एका घराच्या ओट्यावर, सद्गुरुस्वामींच्या मठापासून हाकेच्या अंतरावर, आणि इथे रीत तपासायला कुणी येणार नाही. मागणं एवढंच आहे : किती घेतलं म्हणजे पुरे, हे मला घेण्याआधी कळू दे. घेऊन झाल्यावर तर कुणालाही कळतं.

तुला सगळं ठाऊक असतं असं म्हणतात. तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय माझं मलाच नीट उमगत नाही.

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर सांगलीत एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला. मागच्या सीटा काढून दोन बाकडी, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, पाठीमागे सायकली टांगायला लोखंडी स्टँड केला. गाडी ते चालवतात, सायकल मी. गॅरेजवाला म्हणाला, "काकू, या वयात?" त्याला मी काही बोलले नाही. माझ्या वतीने तूच एखाद्या दिवशी त्याला उत्तर दे. कावेरीच्या या खालच्या मुलखात चढ म्हणून नाही. कालव्याच्या बांधाने निघावं, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला केळी, मधेच एखाद्या गोपुराचं टोक. कुंभकोणमच्या गल्ल्यांत आमची गाडी शिरत नाही, म्हणून ती गावाबाहेर सावलीत लावून हे पितळी डबऱ्यातून डिग्री कॉफी पीत बसतात आणि मी पुढे येते. ज्याची त्याची भक्ती.

पण या भटकण्याची गोडी मला इथे लागली नाही. ती लागली जिथे पाणी औषधालाही नाही, तिथे. लेक फिनिक्सला असते. एका हिवाळ्यात जावईबापूंनी कॅम्पर भाड्याने घेतला, मागे सायकली बांधल्या आणि आम्हा दोघांना घेऊन ते ॲरिझोना आणि युटाच्या वाळवंटात शिरले. तिथे सरकारी मोकळी जमीन अफाट आहे. बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. नळ नाही, वीज नाही, कचऱ्याचा डबा नाही. जे लागेल ते बरोबर आणायचं आणि जे उरेल ते बरोबर न्यायचं. हा नियम मला आवडला. घरी असं कुणी सांगत नाही.

कॅम्परच्या भिंतीवर, शेगडीशेजारी, बारीक दिव्यांची एक पट्टी होती. बटण दाबलं की टाकीत किती पाणी आहे ते दिसायचं : भरलेली, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, रिकामी. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी, संडासाची त्याहून वेगळी, आणि दोन्हींचे दिवे उलट्या दिशेने चढत जायचे. रामा, मी आयुष्यभर भांडी घासली, पण एका वाटीला किती पाणी लागतं ते त्या पट्टीसमोर उभी राहिल्यावर पहिल्यांदा बघितलं. आंघोळ म्हणजे ओला पंचा. भाजी धुतलेल्या पाण्यात ताटं विसळायची. लेक हसून म्हणायची, "आई, अजून दोन दिवे आहेत, एवढं नको." पण मला ते दिवे तुझ्यापुढच्या निरांजनापेक्षाही जास्त वेळ बघावेसे वाटायचे. राग मानू नकोस.

पहाटे, ऊन चढायच्या आत, सायकली काढायच्या. मातीचे रस्ते, आणि दोन्ही बाजूंना सग्वारो, माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग. त्यांना पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. पाऊस पडला की हे झाड अंगाच्या चुण्या उलगडून पाणी साठवतं आणि पुढचे कित्येक महिने ते पुरवतं. तिथले मूळचे टोहोनो ओॲडम लोक उन्हाळ्याच्या ऐन तापात याची फळं काढतात, आणि ती काढायची लांब काठीही वाळलेल्या सग्वारोच्याच बरगड्यांची करतात. त्या फळांच्या रसाचं मद्य करून, गाणी म्हणून ते पावसाला बोलावतात. आपण कधी धोंडी-धोंडी पाणी दे म्हणत फिरतो, कधी तुला पाण्यात बुडवून ठेवतो. वाळवंटातल्या माणसाची आर्जवं तुझ्याकडे कोणत्या भाषेत येतात आणि तू ती कशी निवडतोस, मला कळत नाही. सगळी एकाच पोत्यात येत असावीत.

आणि सराटे! इतक्या लांब, सातासमुद्रापलीकडे, माझ्या सायकलच्या चाकात घुसला तो आपल्या माळावरचा सराटा. तेच पिवळं फूल, तीच जमिनीला चिकटून पसरलेली वेल, तोच दोन शिंगांचा काटा. तिथे तो बाहेरून गेलेला आहे, सायकलवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात आणि ट्यूबमध्ये आधीच चीक भरून ठेवतात. पंक्चर काढत मी रस्त्याकडेला बसले होते तेव्हा मला हसू आवरेना. लहानपणी शाळेच्या वाटेवर अनवाणी पायातून जो काढला, तोच आता प्लॅस्टिकच्या पकडीने काढत होते. ज्याला कुणी बोलावलं नाही तो असा सगळीकडे आधीच पोचलेला असतो. तुझ्याबद्दल बोलत नाही, सराट्याबद्दल बोलते आहे.

तुझ्याबद्दलही आहे एक गोष्ट. ग्रँड कॅन्यनच्या काठावरून समोर बघितलं तर दरीतून उभ्या राहिलेल्या डोंगरांना नावं आहेत : विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल. क्लॅरेन्स डटन नावाचा लष्करी अधिकारी होता, भूगर्भाचा अभ्यासक. त्याने 1882 साली या दरीवर ग्रंथ लिहिला आणि विष्णू-शिवाची नावं ठेवायची रीत पाडून दिली. पुढच्यांनी ती चालवली, तेव्हा राम श्राइन आणि कृष्ण श्राइनही झाली. आणि अगदी तळाशी, जिथे कोलोरॅडो नदी वाहते, तिथल्या काळ्याकुट्ट खडकांच्या थरांना विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट आणि राम शिस्ट म्हणतात. सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचे. मी कठड्याला धरून तो आकडा मनात मांडून बघितला आणि सोडून दिला. तिथे तुझी पूजा नाही, घंटा नाही, नैवेद्य नाही. फक्त नाव आहे, आणि नदी त्या नावाला घासत खाली चालली आहे. मला ते पटलं. आपल्याकडे तुझ्या नावावर आम्ही फार काही चढवून ठेवतो.

ती नदी समुद्राला मात्र क्वचितच मिळते. 1922 साली सात राज्यांनी बसून तिचं पाणी वाटून घेतलं. ज्या वर्षांच्या मोजमापावर हिशेब केला ती नेमकी चांगल्या पावसाची निघाली, त्यामुळे कागदावर वाटलेली नदी खऱ्या नदीपेक्षा मोठी झाली. तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना त्या बैठकीत कुणी बोलावलं नाही. खाली मेक्सिकोत, जिथे तिचं मुख होतं, तिथल्या कुकापा मासेमारांच्या वाट्याला भेगाळलेली माती आली. 2014 च्या वसंतात दोन्ही देशांनी ठरवून काही आठवडे पाणी सोडलं, तेव्हा कोरड्या पात्रात लोक नाचले, लहान मुलांनी आपल्या गावची नदी पहिल्यांदा पाहिली. मग पुन्हा फाटकं बंद.

रामराया, मी हे तिथे ऐकलं आणि मला आमची मिरज आठवली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेच्या स्टेशनातून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला गेलं. आम्ही बघायला गेलो होतो. लोक फोटो काढत होते. ते आठवून मला आता वाटलं, एवढ्या मोठ्या गाडीला तरी दिव्यांची पट्टी होती का? आमच्याच जिल्ह्यात कालव्याच्या तोंडाशी उसाला पाट वाहतो आणि टेलच्या शेतकऱ्याची चारी कोरडी राहते. हे कुणा परक्याचं पाप नाही. माझ्या माहेरच्या शेतालाही तोंडाशीच पाणी आहे, आणि त्या उसाच्या पैशावर माझं शिक्षण झालं. आता ते परत करता येत नाही. म्हणून मागणं आधी सांगितलं.

इथे येऊन पाहिलं तर हीच गोष्ट हिरव्या कापडात गुंडाळलेली. 1924 साली म्हैसूर आणि मद्रासने करार केला, 1934 साली मेट्टूरचं धरण झालं, आणि जूनच्या 12 तारखेला त्याची दारं उघडायची असा दंडक पडला. पाणी असेल तर. दारं उघडली की कल्लणईपाशी, जिथे करिकाल चोळाचा बांध आहे, नदीच्या शाखा फुटतात, त्या शाखांना कालवे, कालव्यांना पाट. कुरुवैचं भाताचं पीक त्या तारखेच्या भरवशावर पेरायचं. कुंभकोणमला पाणी दिसतं. खाली नागपट्टिनमकडे, समुद्राच्या जवळ, शेवटच्या शेताला ते पोचेल की नाही हे पोचेपर्यंत ठरत नाही. टेलचा माणूस तमिळ बोलो की मराठी, आकाशाकडे बघायची त्याची तऱ्हा एकच.

ज्या पाट्टींनी, म्हणजे इथल्या आजीबाईंनी, मला ओट्यावर बसवलं, त्यांनी न मागता तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि खुणेनेच विचारलं, एकटी? मी बोटाने कुंभकोणमची दिशा दाखवली आणि कॉफी पिण्याचा अभिनय केला. त्यांना लगेच कळलं. नवरे सगळीकडे सारखेच घडवलेस.

आता तुझ्या या माणसाबद्दल. ज्यांच्यासाठी मी सायकल इकडे वळवली त्या सद्गुरुस्वामींचं मूळ नाव वेंकटराम. घर तेलुगू, गाव तमिळ, राजा मराठी. लहानपणी ते बोलतच नव्हते, पुढे तुझ्या नावाने वाचा फुटली असं सांगतात. बोधेंद्र, अय्यावाळ आणि हे, असे तिघे मिळून या मुलखाची नामपरंपरा पुरी होते. भजनाची जी पद्धत आज चेन्नईपासून मुंबईतल्या माटुंग्यापर्यंत चालते, तिची घडी यांनी बसवून दिली. त्या पद्धतीत जयदेवाच्या अष्टपदीला जागा आहे, भद्राचलच्या रामदासाच्या तेलुगू पदांना आहे, पुरंदरदासाला आहे, आणि नामदेव-तुकारामांच्या अभंगांनाही आहे. इथला भागवतर अभंग म्हणतो तेव्हा ळ आणि ण त्याच्या वळणाने येतात, पण टाळ बरोबर जागेवर पडतो. मला त्या उच्चारांचं हसू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळापेक्षा यांना जास्त अभंग पाठ आहेत, आणि ते बघून न वाचता म्हणतात.

त्यांचा चरितार्थ उंछवृत्तीचा. सकाळी तांब्याचं भांडं घेऊन, नाव घेत गल्लीतून जायचं, दारातून मिळेल तेवढे तांदूळ घ्यायचे, शिजवायचे, तुला दाखवायचे, वाढायचे. उद्यासाठी ठेवायचे नाहीत. आपल्याकडची माधुकरी तीच. त्याच काळात वर तिरुवैयारूला त्यागराज हेच करत होते, आणि तंजावरच्या दरबारातून मानधनाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नकार दिला अशी आठवण सांगतात. मी या भांड्याचा फार विचार केला, रामा. माझ्या गाडीत टाकी आहे, वर डब्यात पंधरा दिवसांचं पीठ आहे, बिस्किटं आहेत, गोळ्या आहेत, गोळ्यांच्या गोळ्या आहेत. तुझ्यावर माझी श्रद्धा आहे, पण आधी डबे भरून घेते. वाळवंटात दोन दिवसांचं पाणी न घेता जो निघाला त्याला मी भक्त म्हणणार नाही, वेडा म्हणेन, आणि त्याला शोधायला निघालेल्यांच्या जिवाला घोर लावल्याबद्दल चार शब्द ऐकवीन. मग स्वामींचं भांडं कसं समजून घ्यायचं?

मला असं वाटतं, चूक असेल तर दुरुस्त कर, की स्वामी रिकाम्या हाताने निघत नसत. त्यांच्या भांड्यामागे अख्खी गल्ली होती. ज्या घरी आज तांदूळ कमी त्या घराने मूठच घालायची, ज्या घरी भरपूर त्याने पसा. भांडं लहान होतं म्हणून कुणाच्या घरचं संपत नसे. साठवायचं नाही याचा अर्थ साठा नाही असा नव्हे. साठा सगळ्यांच्या घरी आहे आणि त्यातून उचलायचा हात आखूड आहे, असा असावा. कोलोरॅडोच्या कागदावर सह्या करणाऱ्यांनी, आणि आमच्या ऊसवाल्यांनी, भांडं आधी मोठं केलं आणि मग गल्लीत निघाले.

आणि ती वाळूची गोष्ट. बोधेंद्रांनी 1692 मध्ये गोविंदपुरमला कावेरीच्या वाळवंटात खेळणाऱ्या मुलांना म्हटलं, मला या खड्ड्यात झाका आणि उद्या या. मुलांना तो खेळच वाटला. पुढे शतकभरात नदीने पात्र बदललं, जागा कुणाला सांगता येईना. तेव्हा हे मरुदानल्लूरचे स्वामी पात्रात उतरले आणि वाळूला कान लावत लावत पुढे सरकले. एका ठिकाणी आतून तुझं नाव ऐकू आलं. ते ऐकून दुसऱ्या सरफोजीराजांनी नदीचा प्रवाह वळवला आणि तिथे समाधी बांधून दिली. याच सरफोजींनी 1803 साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा सगळा इतिहास मराठीत दगडावर कोरवून ठेवला आहे. आपलं घराणं दगडावर लिहिणारा राजा, आणि वाळूत काय ऐकू आलं या एका माणसाच्या शब्दावर नदी हलवणाराही तोच. मला यातला दुसरा सरफोजी जास्त आवडतो. इंजिनियरांना विचारलं असतं तर त्यांनी आधी पाहणी करायला सांगितली असती.

तर माझा प्रश्न. आता ती वाळूच जाते आहे. कावेरीतून, तिच्या कोळ्ळिडम शाखेतून, आणि आमच्या कृष्णेतूनही, रात्री ट्रक भरभरून. इथे जवळच नाचियारकोविलला पितळी समया ओततात त्या कावेरीकाठच्या वाळूच्या साच्यात. स्वामिमलैला तुझ्या पंचधातूच्या मूर्तींचे साचे कावेरीच्या गाळाच्या मातीचे असतात. तुझं रूप मातीतून निघतं, तुझा दिवा वाळूतून निघतो, तुझं नाव वाळूत ऐकू आलं. ती उपसून आम्ही तिच्या इमारती बांधतो, आणि त्या इमारतींच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या बसवतो. उद्या एखादा स्वामी पात्रात उतरला तर त्याने कान कशाला लावायचा? मी जाब विचारत नाही. विचारायचा झाला तर आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्याचाही विचारावा लागेल. तू फक्त ऐकून घे.

आभार मानायचे राहिले. सायकलची चेन अजून धड आहे, त्याबद्दल. गुडघा सकाळी कुरकुरतो आणि नंतर विसरून जातो, त्याबद्दल. लेक तिकडच्या घराच्या अंगणात गवत लावायचं सोडून तिथलीच झुडपं लावते आहे, ती आईचं ऐकून नव्हे, स्वतःच्या बुद्धीने. त्याबद्दल तर विशेष. या गावच्या शिवमंदिरावर शैव संत संबंदरांनी तेवारम्‌ची पदं रचली, त्याच गावात तुझ्या नावाचा मठ आहे, आणि दोन्हीकडचे लोक एकाच दुकानातून फुलं घेतात, त्याबद्दल. पाट्टींच्या तांब्यातलं पाणी थंड होतं. मी सगळं प्यायले नाही. उरलेलं त्यांनी अंगणातल्या तुळशीला घातलं, मला काही न सांगता.

आता ऊन चढायच्या आत गोविंदपुरम गाठायचं आहे. तिथे बोधेंद्रांची समाधी आहे, आणि जवळच या शतकात उभं राहिलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ. तमिळ मुलखात विठोबा भेटणार म्हणून हे गाडी घेऊन थेट तिकडे येणार आहेत. कॉफी तिथेही मिळते, हे त्यांनी आधी विचारून घेतलं आहे.

जाताना एक मागते, रामराया, माझ्यासाठी नको. यंदा मेट्टूरची दारं वेळेवर उघडू देत. पाणी शाखांतून कालव्यांत, कालव्यांतून पाटांत येऊ दे, आणि वाटेत जे जे बसले आहेत, आम्ही सांगलीकरही त्यातच आलो, त्यांचे हात आखूड कर. तोंडाशी असलेल्याची पाळी संपली की त्याने स्वतःहून दार खाली टाकावं, रात्री चोरून पुन्हा वर करू नये. नागपट्टिनमच्या टेलला, आमच्या जिल्ह्यातल्या जतच्या माळावर, कुकापांच्या त्या भेगाळलेल्या मातीत, ज्याचं शेत सगळ्यांत शेवटी आहे त्याच्या चारीत या वर्षी पाणी पोचू दे. पोचलं की मला वेगळं कळवू नकोस. त्याला कळलं म्हणजे झालं.